पेरांवर मोजलेलं पोलिश

कोणी लांबलचक शब्द उच्चारला की बाबांचा अंगठा आपोआप चालू लागायचा. करंगळीच्या खालच्या पेरावर शब्दाचा पहिला तुकडा, मधल्या पेरावर दुसरा, वरच्या पेरावर तिसरा, मग शेजारचं बोट. ही त्यांची विहारातली सवय. मारेगावात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी आणि पौर्णिमेला वंदना असायची, आणि ती सांगायचं काम बाबांकडे होतं. सांगायचं म्हणजे असं, की ते एक ओळ म्हणणार, थांबणार, आणि बाकीच्या सगळ्यांनी ती त्यांच्या मागून म्हणायची. पाली भाषा वस्तीत कोणाला येत होती? पण शेंबडी पोरंसुद्धा अडखळत नसत, कारण बाबा त्यांना आधी पेरांवर शब्द फोडायला लावत. ‘समादियामि’ हा शब्द पाच पेरांचा. स, मा, दि, या, मि. बाबा म्हणायचे, “शब्द केवढाबी असो, गिळाचा नाई. भाकरीवानी तोडून खाचा.” ओळ म्हणून झाली की ते डोळे मिटून थांबायचे. त्या थांबण्यात एक भरवसा होता, की आता मागून आवाज येणारच. तो नेहमी यायचा. आज मी झरी जामणीकडच्या एका शाळेत शिकवते, केस पिकायला लागले आहेत, आणि पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना माझाही अंगठा तसाच चालतो. मुलं हसतात. हसू देत.

बाबा वेल्डर होते. स्टँडच्या मागे रहीमचाचांचं वर्कशॉप होतं, तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या, खिडक्यांच्या ग्रिल बनायच्या, मोडलेले नांगर जोडले जायचे. घरी आले की बाबांच्या शर्टाला जळलेल्या लोखंडाचा वास असायचा आणि बाह्यांना ठिणग्यांची बारीक भोकं. आई ती भोकं रफू करता करता शेवटी कंटाळली होती. वीस वर्षं घण आणि ग्राइंडरच्या आवाजात काढल्यामुळे त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. याबद्दल घरात कोणी बोलत नसे, फक्त सगळे त्यांच्या उजवीकडे असायचे. आई वाढायची ती उजवीकडून. मी अभ्यासाला बसायची ती उजवीकडे. रहीमचाचासुद्धा काही सांगायचं असलं की वळसा घालून उजवीकडे येत. एकदा मी डबा घेऊन वर्कशॉपात गेले होते, तेव्हा ट्रॉलीचा मागचा फाळका, म्हणजे ती लोखंडी फळी, साखळीतून सुटला. रहीमचाचा डावीकडून जीव तोडून ओरडले आणि बाबा खाली वाकून निवांत रॉड बदलत होते. फाळका त्यांच्यापासून हातभर अंतरावर आदळला. बाबांनी तेव्हा वर पाहिलं आणि माझ्या हातातला डबा पाहून म्हणाले, “आज काय हाये? सोल्याची भाजी काय?” मी हो म्हटलं. हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

म्हणून पोलंडचं नाव घरात निघालं तेव्हा मला सगळ्यात आधी तो फाळका दिसला. दिवाळी होऊन गेली होती. नागपूरचा एक एजंट तालुक्यातले वेल्डर गोळा करत फिरत होता. तिकडे जहाजं बांधायच्या एका मोठ्या कारखान्यात माणसं हवी होती, तीन वर्षांसाठी. आई तव्यावर भाकर टाकत होती. बाबांनी सांगितलं तेव्हा तिने भाकर उलटली, फुगू दिली, काढून टोपल्यात ठेवली आणि मगच विचारलं, “तीन वर्स? आन् तिथी कोन तुमच्या उजव्या अंगाले बसन?”

“तिथी बोर्डावर लिहेल अस्ते सारं,” बाबा म्हणाले. “वाचता आलं की झालं.”

“अन् वाचता नाई आलं त?”

“त मंग परीक्षेतच नापास. जाचा सवालच नाई.”

ते गमतीत बोलले, पण माझ्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं. दोन परीक्षा होत्या. एक वेल्डिंगची, तिची कोणाला काळजी नव्हती, कारण बाबांचा सांधा पाहायला लोक वणीहून येत. दुसरी वाचनाची. कारखान्यात जागोजागी पाट्या असतात, गॅस बंद करा, नळी काढा, वीज तोडा, आणि त्या पोलिशमध्ये असतात. ज्याला त्या मोठ्याने वाचता येतील त्यालाच घेणार. तयारीसाठी एजंटने झेरॉक्स केलेली दोन पानं आणि एक सीडी दिली. सीडी रहीमचाचांच्या घरी लावली. बाबांनी उजवा कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला, पाच मिनिटं ऐकलं आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात लाज होती, आणि मला ती सहन झाली नाही. मी म्हटलं, “मी ऐकते बाबा. तुम्हाले मोठ्या अक्षरात लिहून देतो.” मी नववीत होते. आमच्याकडे मुलीसुद्धा सरळ ‘देतो’, ‘करतो’ म्हणून जातात, पुण्याकडची माणसं अजून मला त्यावरून चिडवतात.

ती सीडी मी इतक्या वेळा ऐकली की रहीमचाचांच्या घरातली कोंबडीसुद्धा पोलिश बोलेल असं चाची म्हणायची. आधी नुसता कल्ला वाटायचा. पोलिश लोक शब्दात व्यंजनांची एवढी गर्दी करतात, की स्वराला उभं राहायला जागा उरत नाही. पण कागद समोर धरून ऐकत गेले तसतशी अक्षरांची खोड कळायला लागली. पोटावर आडवी रेघ असलेला एल म्हणजे आपला व. खाली शेपूट असलेला ए म्हणजे ओ आणि त्यामागे नाकातला न. सी आणि झेड शेजारी बसले की च. मी सगळं देवनागरीत उतरवलं, भोपळ्याएवढ्या अक्षरांत, आणि प्रत्येक शब्दाच्या तुकड्यांमध्ये उभी रेघ मारली. वि, वों, चिच म्हणजे बंद करणे. ओद, वों, चिच म्हणजे जोडलेलं वेगळं करणे. प्शे, वों, चिच म्हणजे एकीकडून दुसरीकडे फिरवणे. हा शेवटचा शब्द बाबांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटला तेव्हा चुलीपाशी बसलेली मांजर उठून बाहेर पळाली आणि आई म्हणाली, “तुमचं पोलंड मांजरी हाकलाच्या कामाचं हाये बाप्पा.”

आमचा अभ्यास दिवेलागणीला सुरू व्हायचा. अंगणात शेगडीवर तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडत ठेवलेल्या असायच्या, आणि बाबा भिंतीला टेकून, कागद मांडीवर घेऊन, अंगठा पेरांवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना एक गोष्ट दिसली, जी मला सीडी शंभरदा ऐकूनही दिसली नव्हती. “सुजू, हे पाह्य,” ते म्हणाले. “हे मधलं ‘वों’ सगळीकडे हाये. जोडनं म्हंजे वों. धड तेच. समोरचं हुक बदललं की काम बदलते. मांगं फाळका येगळा.” मग त्यांनी शेगडीतल्या कोळशाने फरशीवर एक ट्रॉली काढली. पुढचं हुक म्हणजे वि, ओद, प्शे. मधलं धड म्हणजे वों. मागचा फाळका म्हणजे चिच किंवा चाच. आणि मी करतो असं म्हणायचं असलं तर मागे चाम. वि, वों, चाम, मी बंद करतो. “शेवटी म,” ते इतके खूश झाले की त्यांनी शेंगांचं पातेलंच माझ्यासमोर ओढलं. “आपल्या समादियामिचा मि! तो बी मीच.” भाषेचे मोठे मोठे जाणकार यावर काय म्हणतात ते मी पुढे कॉलेजात थोडंफार वाचलं. पण फरशीवरची ती ट्रॉली त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त समजली होती.

आणि मी घाबरले. तोपर्यंत मला वाटत होतं की बाबांचं वय झालं, जीभ वळणार नाही, परीक्षेत गडबडतील, दोन दिवस वाईट वाटेल आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल. मी मनापासून शिकवत होते आणि मनापासून त्यांच्या नापास होण्याची वाट पाहत होते. माणसाच्या पोटात एका वेळी दोन्ही गोष्टी कशा राहतात ते मला विचारू नका, राहतात. आता ते वाचायला लागले होते. मला शाळेत, जेवताना, नळावर पाणी भरताना, सगळीकडे एकच दिसायचं, एक अवाढव्य जहाज, त्याच्या पोटात वाकलेले बाबा, आणि डावीकडून कोणीतरी गोरा माणूस जीव तोडून ओरडतो आहे.

दुसरं पान तेव्हा माझ्याकडे होतं. पहिल्या पानावर साधे शब्द होते, त्यांना एकच हुक. दुसऱ्या पानावर लांबलचक. तिथे हुकाच्या पुढे आणखी एक हुक यायचं, ‘पो’, म्हणजे एकामागून एक सगळी. पो, वि, वों, चाच म्हणजे एकेक करून सगळी बंद करणे. शेपटाकडेही वाढ, पो, रोझ, वों, चा, ली, श्मि, म्हणजे आम्ही एकेक करून सगळं सोडवलं. सहा पेरांचा एक शब्द. असे वीस. मोठ्या अक्षरांत उतरवायला म्हणून दोन्ही पानं बाबांनी माझ्याकडेच दिली होती आणि नीट पाहिलीही नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “दुसरं पान झालं काय लिहून?” आणि माझ्या तोंडून निघालं, “ते पहिल्याचंच झेरॉक्स हाये बाबा. दोनदा आलं चुकून.”

“असं काय,” ते म्हणाले. बस्स. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं, त्याला साधा शब्द आहे, शरम. पण शरमेने मी पान परत काढलं नाही. ते लपवलं मात्र हुशारीने. आमच्याकडे वंदनेचं एक छोटं पुस्तक होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, देवळीत तसबिरीच्या मागे ठेवलेलं. बाबांना सगळं तोंडपाठ, ते कधी उघडत नसत. आईला वाचता येत नव्हतं. मी पानाच्या चार घड्या केल्या आणि त्या पुस्तकात सारल्या.

परीक्षा यवतमाळला एका मंगल कार्यालयात होती. बाबा म्हणाले, “तू चाल माह्यासंगं. कोनी काही इचारलं त सांगाले.” म्हणजे ऐकायला. करंजीला बस थांबली तेव्हा त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः नुसता चहा घेतला. त्यांचा अंगठा सगळ्या रस्त्याने चालू होता. मी खिडकीबाहेर पाहत होते. शेतात कापसाची शेवटची वेचणी चालली होती.

कार्यालयात साठ-सत्तर माणसं होती, जिल्हाभरातली. वेल्डिंग सकाळीच झालं. बाबांचा सांधा पाहून तिथल्या साहेबाने त्यावर नख फिरवलं आणि काही न बोलता पुढे गेला, म्हणजे पास. दुपारी सगळ्यांना आत खुर्च्यांवर बसवलं. मी नेहमीसारखी बाबांच्या उजवीकडे बसले. डावीकडे पुसदचा एक जण येऊन बसला. त्याच्या हातात दोन पानं होती. त्याने दुसरं पान वर काढलं आणि पुटपुटायला लागला, सगळं एका दमात, कुठे तुकडा न पाडता, “पोरोझवोंचालीश्मि, पोरोझवोंचालीश्मि.” बाबा समोर पाहत होते. पुसदवाल्याने आवाज वाढवला. बाबा समोरच पाहत होते. मी मनातल्या मनात त्यांच्या डाव्या कानाचे आभार मानले. ज्या कानाची मला दीड महिना भीती वाटत होती, त्याच्या आडोशाला मी लपून बसले होते.

स्टेजवर एक उंच गोरा साहेब होता, कान उन्हाने लाल झालेले, आणि शेजारी दुभाषी बाई, मराठी चांगलं बोलणारी. टेबलावर पुठ्ठ्याच्या पाट्या उलट्या ठेवल्या होत्या. एकेकाला बोलवायचे, कुठलीही एक पाटी उचलायचे आणि समोर धरायचे. पहिल्या चार-पाच जणांतच गोंधळ कळला. सगळ्यांनी पानं क्रमाने घोकली होती. एक नंबरला हे, दोन नंबरला ते. पाटी मधलीच निघाली की माणूस तोंड उघडून उभा. एकाने तर पाटीकडे न पाहता पहिल्यापासून सुरुवात केली. बाई “अहो, हा शब्द, हा,” म्हणत राहिली आणि तो थांबेचना. लोक हसत होते, आणि हसता हसता स्वतःची पानं घाईघाईने उलटत होते.

बाबांचं नाव आलं. ते गेले, नमस्कार केला, उभे राहिले. साहेबाने पाटी उचलली आणि मला बसल्या जागेवरून ती ओळखू आली. दुसऱ्या पानावरचा वरून तिसरा शब्द. हे मीच ठरवलं होतं, याच्याचसाठी सगळं केलं होतं, आणि तरी मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बाबांनी पाटी पाहिली. इतका वेळ पाहिली की बाईने घड्याळाकडे बघितलं. मग त्यांचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला.

“पो,” ते म्हणाले. “वि. वों. चाच.” मग सगळं मिळून, विहारातल्या आवाजात, मोठ्याने, संथ, “पोविवोंचाच.”

आणि ते थांबले. डोळे मिटून. ती चूक होती, परीक्षेत असं कोणी थांबत नाही, पण वीस वर्षांची सवय. ओळ सांगून झाली की थांबायचं.

मागून आवाज आला. “पोविवोंचाच.” दहा-बारा जणांचा, एका सुरात. ते आमच्यासारख्याच वस्त्यांमधले होते, कोणी नेरचे, कोणी वणीचे, कोणी दारव्ह्याचे, लहानपणापासून रविवारी मांडी घालून बसलेले. कोणी ठरवलं नव्हतं. पुढे कोणी असं म्हणून थांबलं की मागून म्हणायचं, एवढंच त्यांच्या जिभेला माहीत होतं. म्हणून झाल्यावर ते स्वतःच ओशाळले आणि एकमेकांकडे बघायला लागले. साहेबाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, आता टिंगल समजून हाकलतील. त्याने दुसरी पाटी उचलली, या वेळी स्वतः उभा राहून. बाबांनी पेरं मोजली, म्हटलं, थांबले. मागून तीस-चाळीस जण. तिसरी पाटी. सगळं कार्यालय. पुसदचा माणूससुद्धा म्हणत होता, आणि या वेळी तुकडे पाडून, बरोबर.

साहेब बाईच्या कानात काही बोलला. बाई उतरून माझ्याकडे आली, कारण मी एकटीच मुलगी तिथे होते. “तुझे बाबा का? साहेबांना असाच माणूस हवाय. पाट्या वाचून बाकीच्यांना शिकवेल असा. पहिल्या तुकडीत पाठवायचं म्हणतात.” मग तिने आवाज खाली आणला. “एक खरं सांग. बोलताना ते मान वळवून ऐकतात. त्यांना कमी ऐकू येतं का गं?”

हो म्हणायचं होतं मला. एवढंच करायचं होतं, एक अक्षर, आणि तेही खरं. पान लपवून जे झालं नव्हतं ते त्या एका अक्षराने झालं असतं. बाबा घरी राहिले असते, उजवीकडे आई आणि मी, असे आयुष्यभर. मी स्टेजकडे पाहिलं. बाबा अजून तिथेच उभे होते, अंगठा पेरावर, आणि खाली बसलेली माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, पुढचा शब्द कधी येतो म्हणून. त्यांना असं मी विहारात पाहिलं होतं, पण विहाराबाहेर कधीच नाही. वर्कशॉपात ते वाकलेलेच असायचे.

“नाही,” मी म्हणाले. “चांगलं ऐकू येतं त्यांना.”

खोटं मी आधीही बोलले होते, पण ते त्यांना थांबवायला. हे दुसरं होतं, आणि त्याच्यानंतर मला धड झोप लागेना, जेवण जाईना. आता काही झालं तर ते माझ्यामुळे. आईला वाटायचं बाबा जाणार म्हणून पोरगी सुकली. ती मला आलन-भाकर भरवायची आणि म्हणायची, “कायले जीव जाळून घेते? जाऊन राह्यले, मरून नाई राह्यले.” मी दोनदा बाबांना सगळं सांगायला वर्कशॉपापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा रहीमचाचांचा ग्राइंडर चालू होता. ग्राइंडर बंद होईपर्यंत थांबता आलं असतं. थांबले नाही, हे कबूल केलेलं बरं.

होळी झाली आणि बाबा निघाले. स्टँडवर अर्धी वस्ती आली होती, सगळे जय भीम घालत होते. रहीमचाचांनी नवा कोरा मफलर गळ्यात घातला, एप्रिल तोंडावर असताना. बस निघता निघता आईला आठवलं. “वंदनेचं पुस्तक घेतलं ना?”

“घेतलं,” बाबा खिडकीतून म्हणाले. “पाठ हाये तरी असू दे जवळ.”

निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. परीक्षेनंतरच्या सगळ्या धास्तीत मी त्यातलं पानच विसरले होते. बस वळली. मी धावले असते, पण धावून काय ओरडणार होते, आणि त्यांना ऐकू काय आलं असतं?

पोचल्याचा फोन रहीमचाचांच्या मोबाइलवर आला, चार शब्दांचा. मग दिवसामागून दिवस काहीच नाही. मी शाळा सुटली की थेट वर्कशॉपात जाऊन लोखंडाच्या ढिगावर बसायची. रहीमचाचा काम करता करता म्हणायचे, “आयेगा बेटी, आयेगा,” आणि मला त्यांच्या प्रत्येक ‘आयेगा’तून फाळका पडल्याचा आवाज यायचा. शाळेच्या वार्षिक परीक्षेचा पेपर लिहिताना मी उत्तरपत्रिकेच्या समासात पो, वि, वों लिहून ठेवलं होतं, ते मास्तरांनी नंतर मला बोलावून विचारलं.

चैत्री पौर्णिमेच्या दुपारी वर्कशॉपात फोन वाजला. आई माझ्यासोबत होती. आधी ती बोलली. बाबांनी तिला सांगितलं, थंडी आहे, बटाटे रोजच, ब्रेड आंबट लागतो, आमच्या वेल्डरांपैकी बारा जण एका घरात आहेत. मग तिने फोन माझ्याकडे दिला. “तुले बोलाचं म्हन्तेत.”

“बाबा,” मी म्हटलं.

“सुजू. आज पौर्निमा. हे पोट्टे म्हने, वंदना घ्या. म्हटलं, आज पुस्तक उघडून घेऊ, परदेशात हावो.” मी लोखंडाचा एक तुकडा हातात धरून उभी होते, उन्हाने तापलेला, तो सोडायचं मला सुचलं नाही. मग फोनमधून आवाज आला, संथ, विहारातला. “पोरोझवोंचालीश्मि.”

आणि पुढे शांतता. मला वाटलं फोन कटला. वाटलं त्यांनी रागाने ठेवला. मग कळलं, ते थांबले आहेत.

“पोरोझवोंचालीश्मि,” मी म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. रहीमचाचांनी ग्राइंडर बंद केला. बाबांनी दुसरा शब्द घेतला. मी मागून म्हटला. तिसरा. ते अख्खं पान वरपासून वाचत होते, ज्याच्यावर माझ्या उभ्या रेघा नव्हत्या, आणि एकाही ठिकाणी अडखळत नव्हते. आठव्या का नवव्या शब्दाला मला राहवलं नाही. मी रडत होते.

“बाबा, तिथी ऐकू येते ना तुम्हाले? सांगा ना खरं. ऐकू येते?”

“येते ना,” बाबा म्हणाले. “पोट्टे उजव्या अंगालेच असतात. शिकोलं त्याईले.” मग म्हणाले, “अन् त्या दिवशी त्या पुसदवाल्याचंबी आयकू येत होतं मले.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुढचा शब्द म्हटला, आणि थांबले.